महोत्सव नको, तालमीची खोली द्या

मंडळी, परवा पुण्याच्या भाच्यानं मोबाईलवर एक पत्रक पाठवलं. 'मामा, तुमच्या गावात येतायत, नक्की जा' अशी खाली ओळ. रंगभूमी आणि प्रयोगकलांच्या प्रसारासाठी झटणारं कुठलंसं फाउंडेशन, ना-नफा तत्त्वावर चालणारं. नाव मुद्दाम देत नाही, कारण माझं भांडण त्या एका संस्थेशी नाहीच. अशी पत्रकं गेल्या दहा-बारा वर्षांत पुष्कळ पाहिली. तीन दिवस नाट्यमहोत्सव अमरावतीला, मग दोन दिवस अकोल्याला. प्रवेश विनामूल्य. आणि वर ठसठशीत अक्षरांत : 'वऱ्हाडच्या मातीत रंगभूमी रुजवण्यासाठी…'

रुजवण्यासाठी! म्हणजे आजवर या मातीत काय नुसत्या पऱ्हाट्याच उगवत होत्या?

मी मराठी शिकवायचो, इतिहास नव्हे, पण एवढं तर इथला कुणीही सांगेल. मराठी नाट्यसंमेलन पहिल्यांदा भरलं १९०५ साली मुंबईत, आणि त्याचे अध्यक्ष होते आमच्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे. तेच ते, १८९७ ची काँग्रेस अमरावतीला भरली तेव्हाचे स्वागताध्यक्ष. 'रणदुंदुभी' लिहिणारे वीर वामनराव जोशी अमरावतीचेच. ते नाटक १९२७ साली बळवंत संगीत मंडळीनं रंगभूमीवर आणलं आणि मास्टर दीनानाथांच्या गळ्यातून त्यातली पदं घराघरांत गेली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याला जन्मलेल्या महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली विजयाबाई मेहतांनी मुंबईत बसवलं. अकोल्यात राहून नाटक करणारे राम जाधव २०११ च्या रत्नागिरीच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. ही झाली छापील नावं. दंडार, खडी गंमत, भारूड, गोंधळ यांची मोजदाद कोण करणार? गाडगेबाबांचं कीर्तन माझ्या वडिलांनी ऐकलेलं. हातात खराटा, डोक्यावर गाडगं, समोर हजारो माणूस, आणि बाबा त्यांना प्रश्न विचारून विचारून बोलतं करायचे. याला हल्ली 'इंटरॅक्टिव्ह थिएटर' म्हणतात म्हणे. त्याची कार्यशाळा असते, प्रमाणपत्रासकट!

असो. नमनाला घडाभर तेल झालं. नुसत्या जुन्या नावांवर मिशीला पीळ देत बसावं, अशातला मी नाही. भाच्याला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "मामा, पण ते चांगली नाटकं घेऊन येतायत, फुकट दाखवतायत, यात वाईट काय? तुम्हाला तर आनंद व्हायला हवा." पोरगा हुशार आहे, आणि त्याचा प्रश्नही रास्त आहे. म्हणून हे सगळं लिहायला बसलो. फोनवर मला नीट सांगता येत नाही, बोलता बोलता आवाज चढतो आणि मग आमची सौ. आतून बीपीच्या गोळीची आठवण करून देते.

तर वाईट काय ते सांगतो. त्यासाठी आधी आमच्याकडे नाटक कसं होतं ते पुण्या-मुंबईच्या (आणि न्यू जर्सीच्या) नातलगांना समजायला हवं.

राज्य नाट्यस्पर्धा हा आमचा कणा. मुंबई राज्य असताना १९५४ साली सुरू झालेली ही स्पर्धा अजून चालू आहे, ही सरकारच्या हातून घडलेली एक मोठी चांगली गोष्ट, हे आधी कबूल करून टाकतो. तिच्या निमित्तानं बँकेतला कारकून, एसटीचा कंडक्टर, शाळेतला मास्तर, कॉलेजची पोरं-पोरी एकत्र येतात. पूर्ण लांबीचं नाटक, म्हणजे निदान चाळीस-पन्नास दिवसांची तालीम आली. आता ही तालीम करायची कुठे? चाळीस वर्षांत मी ज्या ज्या जागी तालमी पाहिल्या आणि घेतल्या त्यांची यादी सांगतो : शाळेचा वर्ग (दहावीचे जादा तास सुटल्यावर), देवळाचा सभामंडप (आरती झाल्यावर), मंगल कार्यालय (मुहूर्त नसताना), एका मित्राच्या ऑइल मिलचं गोदाम (ढेप उचलून नेल्यावर), आणि कुणाकुणाच्या घराची गच्ची (पाऊस नसताना). कंसातली अट पाहिलीत? प्रत्येक जागा दुसऱ्या कशासाठी तरी आहे आणि ते नसेल तेव्हाच नाटकाला. तुळशीचं लग्न लागलं की कार्यालयवाले हात जोडतात. शाळेत हेडमास्तर बदलले की वर्गाची किल्ली गेली. अर्धा अंक बसलेला असतो आणि नट मंडळी स्कूटरवर बसून जागा शोधत हिंडत असतात.

त्यातून पोरींचा प्रश्न. आमच्या एका नाटकात मुख्य भूमिका करणारी मुलगी कापड दुकानात कामाला होती. दुकान साडेसातला सुटायचं, आणि तिच्या गावाला जाणारी शेवटची एसटी नऊला. म्हणजे जाण्यायेण्याचा वेळ वजा जाता तिच्या वाट्याला तालीम यायची तासाभराची. तिसऱ्या अंकातला तिचा मोठा प्रवेश आम्ही तुकड्या-तुकड्यांनी बसवला, एखादं गोधडीचं ठिगळ लावावं तसा. गच्चीवरची जागा गेली आणि नवी जागा मिळाली ती बसस्थानकापासून चार किलोमीटरवर. आठवडाभर तिनं ओढाताण केली. मग एक दिवस तिचे वडील स्वतः आले. फार सज्जन माणूस. म्हणाले, "सर, पोरगी चांगली करते, मले समजते. पण रातच्या दहाले फाट्यावर उतरून येकटी येते थे. मी काय करू, तुमीच सांगा." मी काय सांगणार? भूमिका दुसरीला दिली. ती मुलगी पुन्हा रंगमंचावर आली नाही. तिच्यासारखी आवाजाची फेक मी नंतर पाहिली नाही, हे आपलं जाता जाता.

आता हिशेब करा. त्या पोरीला घरी सोडायला दोन महिने ऑटोरिक्षा लावला असता तर किती पैसे लागले असते? आणि त्या तीन दिवसांच्या महोत्सवात नुसत्या स्वागतकमानी आणि फ्लेक्सवर किती लागतात? आकडा मी सांगत नाही. तुम्ही सगळे हिशेबी आहात.

त्याच सुमारास मी एका मोठ्या प्रतिष्ठानला पत्र लिहिलं होतं. नाव तेही नको. मागणी एवढीच : एक खोली, आठ महिने, भाडं तुम्ही थेट घरमालकाला द्या, आमच्या हातात पैसा नको; आणि मुलींच्या येण्याजाण्याचा खर्च. उत्तर आलं, ही मोठी गोष्ट! त्यात एक फॉर्म होता. एका रकान्यात 'लाभार्थींची संख्या'. मी प्रामाणिकपणे लिहिलं : अकरा. नट नऊ, प्रकाशयोजनेचा एक, आणि एक प्रॉम्प्टर. पंधरा दिवसांनी एका ताईंचा फोन आला. बोलायला गोड. म्हणाल्या, "सर, अकरा फार कमी होतात हो. तुम्ही याचा एखादा इव्हेंट करा ना, महोत्सवासारखा. मग आम्हाला रीच दाखवता येईल."

रीच! तीन दिवसांत सभागृहात आलेली माणसं मोजायची, त्याच माणसाला तीनदा मोजायचं, आणि अहवालात लिहायचं 'एवढ्या हजार रसिकांपर्यंत पोहोचलो'. अकरा जणांनी आठ महिने रोज संध्याकाळी जे काही शिकलं ते मात्र रकान्यात बसत नाही. अहो, शाळेत पंचवीस नोव्हेंबरला तपासणी असली की चोवीसला भिंती रंगवायच्या, हा प्रकार मी नोकरीभर पाहिला. तो नाटकातही येईल असं वाटलं नव्हतं.

आमचे जावई सीए आहेत. त्यांच्याकडून हा पैसा येतो कुठून ते समजून घेतलं. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांवर (निव्वळ नफा पाच कोटींच्या वर असला, किंवा उलाढाल हजार कोटींच्या वर, किंवा नक्त मालमत्ता पाचशे कोटींच्या वर) मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचं बंधन घातलं. हे एप्रिल २०१४ पासून लागू झालं. कोणत्या कामांवर खर्च चालेल त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे, आणि तिच्यात कला, संस्कृती, पारंपरिक कलांचा विकास हे स्पष्ट लिहिलेलं आहे. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. म्हणजे दार उघडं आहे. कुठेही 'महोत्सवच करा' असं लिहिलेलं नाही.

उलट गंमत ऐका. जून २०१४ मध्ये केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं परिपत्रक काढून सांगितलं होतं की मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिराती, टीव्हीच्या कार्यक्रमांचं प्रायोजकत्व असले एकवेळचे कार्यक्रम या खर्चात धरता येणार नाहीत. आणि २०२१ च्या सुधारित नियमांत तर स्वतःच्या मालाचा गाजावाजा व्हावा म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सरळ वगळलं. मग ज्या महोत्सवात नटराजाच्या मूर्तीपेक्षा कंपनीचं बोधचिन्ह मोठं असतं, तो कशात मोडतो? जावई म्हणाले, "कागदावर बसवता येतं." मी पुढे विचारलं नाही.

सगळी प्रतिष्ठानं एका माळेचे मणी आहेत असं मला म्हणायचं नाही. पुण्याच्या साहित्य रंगभूमी प्रतिष्ठाननं विनोद दोशींच्या नावानं महोत्सव भरवला, पण त्याबरोबर तरुण रंगकर्मींना पाठ्यवृत्त्याही दिल्या. म्हणजे माणसाच्या हातात पैसा दिला आणि कर बाबा तुझं काम म्हणून सोडलं. महाराष्ट्र कल्चरल सेंटरनं पुण्यातच सुदर्शन रंगमंच चालवला. जागा लहानशी, पण तिथे प्रायोगिक नाटकवाल्यांना हक्कानं प्रयोग लावता येतो. मुंबईचं पृथ्वी थिएटर १९७८ साली उघडलं, तेही एका स्मृती-न्यासाचं. खुर्च्या दोनशेच्या आसपास. पण नाटकमंडळींना परवडेल असं भाडं आणि जवळजवळ रोज प्रयोग, म्हणून तिथे पिढ्या तयार झाल्या. ज्या ज्या ठिकाणी नाटक वाढलं तिथे आधी जागा होती, मग माणसं आली, महोत्सव सगळ्यात शेवटी आला. आमच्याकडे मात्र वरात आधी आणि नवरदेव जन्मायचाच आहे.

भाचा म्हणेल, पुणं-मुंबई मोठी शहरं, तिथलं इथे कसं चालेल? बरं, खेडं घ्या. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात सागर तालुक्यात हेग्गोडू नावाचं गाव आहे. सुपारीच्या बागा, चार घरं इकडे, चार तिकडे. तिथल्या लोकांनी १९४९ साली नीनासम ही संस्था काढली. के. व्ही. सुब्बण्णा नावाच्या माणसानं तिच्यात जन्म घातला. १९८० साली त्या खेड्यात नाट्यशाळा सुरू झाली. १९८५ पासून त्यांची 'तिरुगाट' नावाची फिरती मंडळी दरवर्षी नवी नाटकं बसवते आणि कर्नाटकभर गावोगाव प्रयोग करत हिंडते. १९९१ साली सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि बरं का, त्यांनाही फाउंडेशनचा पैसा मिळाला होता, तोही फोर्ड फाउंडेशनचा. पण तो त्यांनी गावोगावच्या माणसांना नाटक-सिनेमा पाहायला आणि करायला शिकवण्यावर लावला. फाउंडेशनच्या पैशाला माझा विटाळ नाही, हे यावरून ध्यानात यावं.

कर्नाटकही लांब वाटत असेल तर आपल्याच विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला चला. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया ही झाडीपट्टी. वडसा-देसाईगंजला नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम. धान कापून झालं की गावात मंडप पडतो, रात्री नाटक सुरू होतं ते उजाडेपर्यंत. लेकी-जावई नाटकासाठी म्हणून पाहुणे येतात, त्यातच सोयरिकी जुळतात. आणि लोक तिकीट काढून बसतात! २०२३ साली तिथल्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा इकडच्या पुष्कळांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. तिथलं नाटक फार भडक असतं, गाणी घुसडतात, हे आक्षेप मला माहीत आहेत, त्यातले काही मलाही मान्य आहेत. पण ती रंगभूमी प्रेक्षकाच्या खिशावर उभी आहे. कुणी येऊन रुजवलेली नाही.

आणि इथे मला आपल्याच लोकांना दोन शब्द ऐकवायचे आहेत. अमरावती-अकोल्याचा सुखवस्तू माणूस तिकीट काढत नाही. "सर, दोन पास ठेवा ना" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या दारावर 'पास मिळणार नाहीत' अशी पाटी लावायची वेळ आली होती. हजार रुपयांची थाळी खाणारा गृहस्थ पन्नास रुपयांच्या तिकिटाला का-कू करतो. आणि हा रोग विनामूल्य महोत्सवानं बळावतो. जानेवारीत पुण्याचं नाटक, टीव्हीवरचे चेहरे, फुकट. फेब्रुवारीत आमची पोरं तिकीट लावतात, तेव्हा लोक विचारतात, "ते फुकट दाखवतात, अन् तुमी काहून पैसे घेता?" काय उत्तर देणार! भाचेबुवा, फुकटात वाईट काय म्हणून विचारलंत ना, ते हे.

भाषेचंही एक सांगून टाकतो. महोत्सवाला जोडून अभिनयाची दोन दिवसांची कार्यशाळा असते. अशा एका कार्यशाळेत मी मागे बसून होतो. बाहेरून आलेला तरुण दिग्दर्शक एका पोट्ट्याला 'पानी' नाही 'पाणी', 'कोन' नाही 'कोण' असं वीस मिनिटं घोटून घेत होता. मुलगा शेतकऱ्याचं काम करत होता, दर्यापूरकडच्या शेतकऱ्याचं! मी मराठीचा मास्तर, प्रमाणभाषेची वही मी आयुष्यभर तपासली. पण नाटकातल्या माणसानं त्याच्या घरची भाषा बोलायची असते, एवढं मलाही कळतं. वऱ्हाडी बोली टीव्हीवर आली की हशा पिकवायला, आणि कार्यशाळेत आली की दुरुस्त करायला. (एक गंमत : 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे नाव ऐकून बाहेरची मंडळी तेही आमच्या खात्यात घालतात. तिथलं वऱ्हाड म्हणजे लग्नाचं, आणि बोली मराठवाड्याची. लक्ष्मणराव देशपांडे थोरच, पण ते आमचे नव्हेत.)

आता माझं मागणं. खोलीचं सांगितलंच. दुसरं, दुसरा प्रयोग. हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे आणि बाहेर कुणाला ठाऊकच नसतो. स्पर्धेसाठी पन्नास दिवस राबून बसवलेलं नाटक किती वेळा होतं? एकदा! अंतिम फेरीत गेलं तर दोनदा. मग नेपथ्याच्या फळ्या लाकडाच्या वखारीत, कपडे ज्याचे त्याच्या घरी, आणि नाटक संपलं. नटाला भूमिका खरी सापडते ती पाचव्या-सहाव्या प्रयोगाला. आमच्या नटांचा पाचवा प्रयोग कधी येतच नाही. म्हणून ते कच्चे दिसतात, आणि मग कुणीतरी येऊन 'रुजवायला' लागतं.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. आम्हाला अभिमान वाटला, पेढे वाटले. त्या रस्त्यानं अमरावतीचं नाटक अकोल्याला जायला दोन तास पुरेत. जातं का? नाही. कारण टेम्पोचं भाडं, सभागृहाचं भाडं, ध्वनी-प्रकाशाचं भाडं आणि दहा-बारा माणसांचं जेवण, एवढं उचलायला कुणी नाही. तीन दिवसांच्या महोत्सवाच्या खर्चात एक इथलं नाटक अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर, अकोट, वाशीम असं फिरून येईल, आणि वर पैसे उरतील. तिकीट लावा, वीस रुपयांचं का होईना. पहिल्या गावात चाळीस माणसं येतील, येऊ देत. पाचव्या गावात नट तयार झालेला असेल आणि त्याच्या कानावर पडलेलं असेल की अचलपूरला लोक कुठल्या वाक्याला उठून दाद देतात.

यात दीपप्रज्वलनाला कुणी पाहुणा लागत नाही, हे मात्र खरं. शाल-श्रीफळ नाही, दीड तासाचा सत्कार नाही, पहिल्या दोन रांगा राखीव नाहीत. फोटोही विशेष येणार नाहीत. टेम्पोत फळ्या चढवणाऱ्या पोरांचे फोटो अहवालात कोण छापतं?

आणि हो, नातलगांपैकी जे अमरावतीत आहेत त्यांच्यासाठी निरोप. यंदाच्या स्पर्धेसाठी आमच्या पोरांचं नाटक ठरलंय. सध्याची जागा दिवाळीपर्यंतच आहे, नंतर मालकाच्या मुलाचं लग्न. कुणाच्या घराचा वरचा मजला रिकामा असेल, शक्यतो बसस्थानकाच्या जवळ, तर मला फोन करा. वीस बाय पंधराची खोली चालेल. भाडं आम्ही वर्गणी काढून देऊ. आवाज होईल, हे आधीच सांगून ठेवतो. पंखा असला तर उत्तम.